तुतारीवाली बाई

आधीच सांगतो, पोस्ट मोठी आहे आणि कुठल्या पक्षाची नाही. २०२४ पासून तुतारी म्हटलं की लोक लगेच विचारतात, "काय रे, इकडे का तिकडे?" आपल्या भिवंडीत तर जरा जास्तच. पण मी ज्या तुतारीबद्दल बोलतोय ती एक बाई वाजवते, आणि या सगळ्या राजकारणाच्या कितीतरी आधीपासून वाजवते. प्रभात फिल्म कंपनीची तुतारी.

झालं असं. मागच्या आठवड्यात घरच्यांना घेऊन ठाण्याला मराठी पिक्चर बघायला गेलो. दिवे गेले. आधी तंबाखूची सूचना, मग सर्टिफिकेट, मग सुरू झाले लोगो. एक कंपनी सोनेरी अक्षरात आली, दुसरी ढगातून आली, तिसरी स्फोट होऊन आली. त्यानंतर 'यांच्या सहयोगाने', 'यांच्या सहनिर्मितीने', मग म्युझिक कंपनी, मग आभारांची यादी. माझी मुलगी बोटं मोजत होती. सात झाल्यावर कानात म्हणाली, "बाबा, मग पिक्चर नक्की कोणाचा आहे?"

मी हसलो. पण प्रश्न डोक्यातून जाईना. कारण मी तिच्या वयाचा नव्हतो तेव्हापासून मला माहीत होतं, पिक्चर कोणाचा ते. पहिल्या दहा सेकंदांत कळायचं.

आमच्या चाळीत टीव्ही एकाच खोलीत होता. आमच्या शेजारच्या चाचांकडे. चाचा आझमगडकडचे, लूमवर जॉबर. माझे आप्पा त्याच कारखान्यात कारीगर. दोघांची पाळी एक, चहा एक, बिडीचं बंडलही बऱ्याचदा एकच. शनिवारी संध्याकाळी मुंबई दूरदर्शनवर मराठी चित्रपट लागायचा आणि रविवारी हिंदी. शनिवारी आमच्या घरचे चाचांकडे, रविवारीही आमच्या घरचे चाचांकडेच! चाची आमच्यासाठी चटई आधीच टाकून ठेवायची. आई रिकाम्या हाताने जायची नाही, काहीतरी डब्यात घेऊनच जायची.

प्रभातचा पिक्चर असला की सुरुवातीला ती बाई यायची. उगवतीचा प्रकाश, आणि त्यात तुतारी तोंडाला लावून उभी असलेली ती. आम्ही पोरं तिला 'तुतारीवाली बाई' म्हणायचो. चाची म्हणायची, "भोंपूवाली आ गई, अब चुप बैठो."

आता आप्पांचं सांगतो. वीस वर्षांचे असल्यापासून लूमवर. ज्यांनी लूमचा खडखडाट आतून ऐकलाय त्यांना सांगायला नको, ज्यांनी नाही ऐकला त्यांना सांगून कळणार नाही. चाळीशीच्या आतच आप्पांना ऐकू येणं कमी झालं होतं. आमच्या गल्लीत हे कोणाला आजार वाटायचंच नाही. लूमवाला माणूस मोठ्याने बोलणारच, असं सगळे धरून चालायचे. आप्पा टीव्हीसमोर बसायचे ते बघायला. तुतारीवाली बाई आली की ते मला कोपराने ढोसून विचारायचे, "वाजली का?"

मी म्हणायचो, "वाजली."

मग ते मान हलवून नीट बसायचे. दर वेळी हेच.

पुढे मोठा झाल्यावर प्रभातबद्दल वाचलं. १ जून १९२९ ला कोल्हापुरात पाच जणांनी कंपनी काढली. व्ही. शांताराम, विष्णुपंत दामले, शेख फत्तेलाल, केशवराव धायबर आणि सीताराम कुलकर्णी. यातले बहुतेक बाबूराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत घासून तयार झालेले. कोणी पडदे रंगवलेले, कोणी कॅमेरा चालवलेला, कोणी पडेल ते काम केलेलं. म्हणजे आपल्या भाषेत सांगायचं तर कारीगरांनीच एकत्र येऊन कारखाना टाकला. १९३२ ला त्यांनी 'अयोध्येचा राजा' काढला, मराठीतला पहिला बोलपट. १९३३ ला कंपनी पुण्याला गेली. मजा बघा, कंपनी जन्मली मुक्या सिनेमाच्या काळात आणि तिची खूण मात्र आवाजाची.

आणि त्या खुणेत कोणा एकाचं नाव नाही. शांतारामांचं नाही, दामल्यांचं नाही. पाचांनी मिळून एक खूण ठरवली, सकाळची. नाव 'प्रभात', चित्र पहाटेचं. झालं.

१९३६ चा 'संत तुकाराम' बघा. दिग्दर्शन दामले-फत्तेलाल. १९३७ ला व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला. आपल्या तुकोबांवरचा सगळ्यात गाजलेला सिनेमा एका दामल्याने आणि एका शेख फत्तेलालने मिळून केला. फत्तेलाल मूळचे कागलचे, लोक त्यांना साहेबमामा म्हणायचे. यातलं काही मला शाळेत कोणी सांगितलं नाही. तुतारीवाल्या बाईचा माग काढता काढता सापडलं.

१९४२ ला शांताराम बाहेर पडले आणि परळला राजकमल कलामंदिर सुरू झालं. त्यांची खूण आठवते? कमळ उमलतं आणि त्यात उभी असलेली मुलगी फुलं उधळते. मला लहानपणी वाटायचं, कमळ सुंदर दिसतं म्हणून घेतलं असेल. नंतर कळलं, शांतारामांच्या वडिलांचं नाव राजाराम आणि आईचं कमल. राज-कमल. माणसाने स्वतःचं नाव लावलं नाही, आईबापाचं लावलं. 'पिंजरा' १९७२ चा. त्याची गाणी चाळीत सगळ्यांच्या तोंडी होती, ते कमळ मात्र माझ्या आईला जास्त आवडायचं. ती म्हणायची, "बघ, कशी फुलं टाकते. कंजूसपणा नाही."

रविवारी चाचांची पाळी. चाचांचा जीव महबूब खानांवर. महबूब प्रॉडक्शनची खूण म्हणजे विळा, हातोडा आणि त्यात एम अक्षर. बरोबर भारदस्त आवाजात एक उर्दू शेर. अर्थ असा की वैऱ्याच्या मनात काही का असेना, शेवट वरच्याच्या हातात. चाचा त्या आवाजाबरोबर तो शेर पूर्ण म्हणायचे, डोळे मिटून. खाली कामगारांचं निशाण आणि वर नशिबाचा शेर. कॉम्रेड लोकांनी डोकं धरावं असं ते मिश्रण. पण चाचांना त्यात काहीच विचित्र वाटत नव्हतं. ते युनियनच्या मीटिंगला जायचे आणि तिथून थेट मशिदीतही जायचे. भिवंडीतला कामगार असाच आहे, आजही.

याच महबूब खानांची १९५७ ची 'मदर इंडिया' ऑस्करला गेली, तेव्हा तिकडे पाठवलेल्या प्रतीतून विळा-हातोडा काढून टाकला होता. अमेरिकेत तेव्हा ते चित्र चाललं नसतं. खूण लहान असते, पण तिचा अर्थ लोकांना बरोबर कळतो. म्हणून तर ती काढायची वेळ येते.

आर. के. ची खूण तर सगळ्यांना माहीत. 'बरसात', १९४९. राज कपूरच्या एका हातात व्हायोलिन, दुसऱ्या हातावर रेललेली नर्गिस. पिक्चरमधला एक क्षण आणि तोच कंपनीचा शिक्का झाला. पुढे माणसं वेगळी झाली, चित्र तसंच राहिलं. चेंबूरचा स्टुडिओ २०१७ ला आगीत गेला, नंतर जागा विकली. चित्र अजून लोकांच्या डोक्यात आहे.

या खुणा सुरू कशाला झाल्या तेही वाचण्यासारखं आहे. सिनेमा नवा होता तेव्हा परदेशात लोक दुसऱ्याच्या पिक्चरची कॉपी काढून स्वतःच्या नावाने दाखवायचे. म्हणून फ्रान्सची पाथे कंपनी आपला कोंबडा थेट सेटवर, भिंतीवर लावून ठेवायची. म्हणजे कॉपी काढली तरी कोंबडा दिसणारच. व्हिडिओ पार्लरच्या जमान्यातल्या भिवंडीकरांना हे लगेच कळेल. आपल्याकडे ज्या कॅसेटी यायच्या त्यांत सुरुवातीचे लोगो कापलेले असायचे आणि खाली कुठल्यातरी दुकानाच्या जाहिरातीची पट्टी सरकत असायची. चोरीचा माल ओळखायची सोपी खूण एकच, त्याच्यावर खूण नसते.

आता 'शेजारी'. १९४१, प्रभात. शांतारामांचा प्रभातमधला शेवटचा पिक्चर. एका गावात जिवा पाटील आणि मिर्झा, जिवाभावाचे शेजारी. धरण बांधायला आलेला पैसेवाला आपल्या कामासाठी दोघांत फूट पाडतो. शेवटी धरण फुटतं आणि दोघं हातात हात घेऊन जातात. मराठीत जिवा केशवराव दाते आणि मिर्झा गजानन जागीरदार. हिंदीत 'पडोसी', त्यात मिर्झा जागीरदारच, आणि हिंदू ठाकूर झाले मजहर खान. म्हणजे हिंदूने मुसलमान केला आणि मुसलमानाने हिंदू.

हा पिक्चर आम्ही चाचांच्या खोलीतच बघितला. एका चटईवर. मध्ये लाईट गेली तेव्हा सगळ्या चाळीतून "अरेरे" आलं. परत आली तेव्हा धरण फुटत होतं. आप्पांना संवाद ऐकू येत नव्हते, तरी ते रडले. चाचांनी त्यांच्याकडे बघितलं नाही. पुरुष माणसाचं रडणं न बघणं ही पण एक रीत असते.

मे १९८४ ला भिवंडी पेटली. माझ्या वयाच्या आणि माझ्यापेक्षा मोठ्या माणसांना मी काही सांगायला नको. पोरांना सांगायचं तर, त्या आधी १९७० लाही पेटली होती, आणि दोन्ही वेळा पेटवणारे आपल्या चाळीतले नव्हते, मेलेले मात्र आपल्यातले होते. आम्ही आत्याकडे कल्याणला गेलो. चाचा बायकापोरांना घेऊन मालेगावला नातेवाइकांकडे. निघताना त्यांनी खोलीची चावी आप्पांच्या हातात दिली. महिन्याने परत आलो तर खोलीला कुलूप होतं, पण दाराला फळीच नव्हती. टीव्ही गेला होता. चटई तेवढी होती.

चाचा परत आले ते दुसऱ्या मोहल्ल्यात राहायला. भांडण झालं नाही, कोणी कोणाला वाईट बोललं नाही. फक्त आमचे शनिवार आणि त्यांचे रविवार वेगळे झाले. आप्पांनी ती चावी बरीच वर्षं खिळ्याला टांगून ठेवली होती. ज्या दाराची चावी, ते दार कुठे होतं? पण आईनेही कधी काढली नाही.

आता मुलीच्या प्रश्नावर येतो. पिक्चर कोणाचा?

आप्पांनी जवळजवळ चाळीस वर्षं कापड विणलं. किती मीटर, हिशोब करायला बसलो तर कॅल्क्युलेटर कमी पडेल. त्यातल्या एका मीटरवरही त्यांची खूण नाही. मुंबईच्या गिरण्यांचं कापड बघा, काठावर गिरणीचं नाव छापलेलं असायचं. आपल्या भिवंडीचं कापड ग्रे जातं. कच्चं, बिनरंगाचं, बिननावाचं. दुसऱ्या गावी प्रोसेस होतं, तिसऱ्या गावी त्याच्यावर नाव बसतं, आणि चौथ्या गावच्या दुकानात ते नाव वाचून माणूस म्हणतो, "कापड चांगलंय."

एक खूण मात्र असायची. तागा उतरवला की त्याच्या टोकाला पेन्सिलीने कारीगराचा नंबर लिहायचा. लहानपणी मला त्याचं भारी कौतुक वाटायचं. मी आप्पांना विचारलं, "हा तुमचा लोगो का?" (लोगो हा शब्द तेव्हा नव्हता, मी 'शिक्का' म्हटलं असेन.) आप्पा म्हणाले, "तो कटाईचा नंबर आहे." म्हणजे कापडात दाग निघाला, तार तुटलेली निघाली, तर पगार कोणाचा कापायचा ते कळावं म्हणून. कापड चांगलं निघालं तर सेठचं. खराब निघालं तर एकशे चौदा नंबरचं.

माझ्या सगळ्या पोस्टचं सार एवढंच आहे. आपल्याकडे चांगल्या कामावर मोठ्या माणसाची खूण असते आणि वाईट कामावर छोट्या माणसाचा नंबर.

शंका असेल तर कुठल्याही शहरात कुठलंही भूमिपूजन बघा. दोनशे मीटर गटार असतं. त्याच्यावर बॅनर वीस फुटी. सतरा चेहरे. 'यांच्या प्रयत्नातून', 'यांच्या निधीतून', 'यांच्या शुभहस्ते'. पिक्चरच्या आधीचे लोगो बरे म्हणायची वेळ येते, ते निदान दोन मिनिटांत संपतात. आणि पहिल्या पावसात गटार तुंबलं की त्या सतरापैकी एकही चेहरा बॅनरवरून खाली उतरून येत नाही. तेव्हा दोष कोणाचा? झाडूवाल्याचा. तोच आपला एकशे चौदा नंबर.

प्रभातची बाई तुतारी वाजवायची म्हणजे ते पाच जण सांगत होते, हे आमचं आहे. आवडलं तर आमचं, पडलं तरी आमचंच. प्रभातचे काही पिक्चर पडलेसुद्धा. म्हणून तुतारी काढून टाकून दुसऱ्याच्या नावाने कोणी दाखवले नाहीत. खूण म्हणजे मिरवणं नाही हो, खूण म्हणजे जबाबदारी. आपण पहिलं ठेवलं आणि दुसरं सोडून दिलं.

म्हणून माझं साधं मागणं आहे, आणि ते कुठल्याही पक्षाच्या नगरसेवकाला लागू आहे. बॅनर लावा, हरकत नाही. पण कामाच्या जागी एक पक्का फलकही लावा. त्याच्यावर चार ओळी. काम कोणत्या ठेकेदाराने केलं. किती रुपयांत केलं. कधी पूर्ण केलं. आणि दोषदायित्वाचा काळ किती, म्हणजे किती वर्षांत उखडलं तर त्यानेच स्वतःच्या खर्चाने दुरुस्त करून द्यायचं. फलक नसेल तर २००५ चा माहिती अधिकाराचा कायदा आहे, साध्या कागदावर अर्ज करता येतो. मी आमच्या गल्लीच्या रस्त्यासाठी करतोय. कोणाला नमुना हवा असेल तर कमेंटमध्ये सांगा, पाठवतो.

आणि कारखानदार मित्रांनो, तुमच्यावर राग नाही. धंदा कसा चाललाय, वीजबिल काय येतं, सुताचे भाव काय, सगळं बघतोय. पण कारीगराचं नाव हजेरीला पूर्ण लिहा. नंबर नको, नाव लिहा. त्याला ओळखपत्र द्या. त्याला काही पैसे पडत नाहीत.

प्रभातचं पुढे काय झालं तेही सांगून टाकतो. पन्नाशीच्या दशकात कंपनी बंद पडली. १९६० ला त्याच जागेत सरकारने फिल्म इन्स्टिट्यूट सुरू केली, आजची एफटीआयआय. ८ जानेवारी २००३ ला त्याच आवारातल्या नायट्रेट फिल्मच्या गोदामाला आग लागली. जुन्या सिनेमांची रिळंच्या रिळं गेली, त्यात प्रभातच्या मूळ फितीही गेल्या. गोदामाची आग म्हणजे काय ते भिवंडीकरांना समजावायची गरज नाही. नशीब एवढंच की त्यातले बरेच पिक्चर आधीच दुसऱ्या फितीवर उतरवून घेतले होते. म्हणून बाई अजून आहे.

आप्पा आता ऐंशीचे आहेत. या दिवाळीत आम्ही त्यांना कानाचं मशीन घेऊन दिलं. आधी नको नको म्हणत होते, "आता काय ऐकायचं राहिलंय?" म्हणाले. थिएटरहून घरी आलो त्या रात्री मुलीने मोबाईलवर 'संत तुकाराम' शोधला आणि त्यांच्यासमोर धरला. तुतारीवाली बाई आली. मी सवयीने म्हणणारच होतो की वाजली. पण थांबलो.

आप्पांनी ऐकलं. परत लाव म्हणाले. परत ऐकलं.

मग म्हणाले, "एवढीच? मला वाटायचं फार मोठ्याने वाजत असेल."

थोड्या वेळाने विचारलं, "त्याचा नंबर आहे का रे तुझ्याकडे?"

कोणाचा ते विचारायची गरज नव्हती. चाचांचा नव्हता, पण त्यांच्या मुलाचा होता. क्लिप पाठवली. दुसऱ्या दिवशी सकाळी उत्तर आलं, व्हॉइस मेसेज. चाचांचा आवाज आता कापतो. त्यांनी महबूबचा तो शेर पूर्ण म्हटला होता, आणि शेवटी, "तेरे बाप को बोल, इतवार को आ रहा हूं. चटई डाल के रखना."

आज शनिवार आहे. चटई धुऊन वाळत घातली आहे.

पटलं तर शेअर करा. नाही पटलं तरी कमेंटमध्ये भांडा, पण नावाने भांडा.